आमच्याकडनं सगळं ओके

संकेश्वरला बस थांबली आणि ओल्या छत्र्यांच्या घोळक्यातून तो आत चढला. माझ्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती, कारण तिथे वरच्या टपातून पाणी ठिबकत होतं.

"तिथं गळतंय," मी म्हटलं.

"गळू दे की," म्हणत तो बसला. ठिबक बरोबर त्याच्या खांद्यावर. मी खिडकीकडे तोंड करून हसू दाबलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हॅलो... व्हय सर. न्हाय हो सर, आमच्याकडनं सगळं ओके हाय. मी दोन वेळा बघितलं. त्या निपाणीच्या मॅडमचंच कायतरी चुकतंय. भलतंच बटण दाबत असणार... लई भांडतात हो त्या. नुसता आवाज ऐकला तरी बीपी वाढतंय माझं."

'आमच्याकडनं सगळं ओके हाय.' हे वाक्य मी गेले कित्येक दिवस रोज ऐकत होते. आवाजही हाच. मांडीवरची पिशवी मी घट्ट धरली आणि त्याचा फोन संपायची वाट बघितली.

"बीपीची गोळी हाय का जवळ?"

"आं?"

"असली तर घ्या आत्ताच. त्या निपाणीच्या मॅडम मीच."

तो माझ्याकडे बघतच राहिला. कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग गाल. वरून एक थेंब थेट त्याच्या नाकावर पडला, आणि मला आता हसू आवरेना... पण मी आवरलं. हसण्यासारखं काही नव्हतंच.

मी निपाणीच्या एका छोट्या स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन. पेशंटला सीटी मशीनमध्ये सरकवायचं, "श्वास रोखा" म्हणायचं, आतली चित्रं काढायची, हे माझं काम. ती चित्रं वाचणाऱ्या डॉक्टर माधवी बसतात बेळगावात, एका मोठ्या हॉस्पिटलात. इकडून चित्रं नेटवरून पाठवायची, तिकडून रिपोर्ट यायचा. दोन वर्षं हे इतकं सुरळीत चाललं की त्यात काही बिघडू शकतं हेच आम्ही विसरलो होतो. आणि मग एका आठवड्यात चित्रं जाणं बंद झालं. का, ते कुणालाच कळेना, हॉस्पिटलात सेंटरच्या लाइनी सांभाळणाऱ्या या रोजच्या आवाजालाही नाही. ज्याचं निदान तातडीचं, त्याची चित्रं पेन ड्राइव्हवर घेऊन मी बस पकडायची. त्या दिवशी पिशवीत एका म्हाताऱ्याच्या डोक्याची चित्रं होती.

"सॉरी," तो म्हणाला. "बटणाचं बोललो ते."

"आणि भांडणाचं?"

"ते खरं हाय की पण."

हत्तरगीपर्यंत आम्ही भांडलो. यमकनमर्डीपर्यंत भांडण संपलं. काकतीला तो म्हणाला, "तुमचा नंबर 'निपाणी मॅडम' म्हणूनच सेव्ह हाय. नाव काय?"

"सोनम."

"पुढं?"

या प्रश्नापाशी मी नेहमी थोडी थांबते. "कांबळे," मी म्हटलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. आमच्या भागात हे आडनाव सांगितलं की समोरचा डोळ्यांतल्या डोळ्यांत एक छोटा हिशेब करतो. शाळेपासून मी तो हिशेब ओळखते.

तो मान खाली घालून ओली स्क्रीन शर्टाला पुसत होता. "कांबळे... हा 'ळ' कुठं गेला ह्या कीबोर्डवरचा? हां, मिळाला." मग वर बघून म्हणाला, "मी नागेंद्र घाडी. खानापूरच्या पुढं, कणकुंबीच्या रस्त्याला आमचं गाव. तुम्ही काय म्हणून सेव्ह केलंय मला?"

मी फोन उलटा धरला. 'लाइनवाला – बिनकामाचा' असं त्याला कसं दाखवणार?

*

डॉक्टर माधवींनी म्हाताऱ्याची चित्रं बघितली. सुदैवानं घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण मला जाऊ देताना त्या म्हणाल्या, "सोनम, आज ठीक झालं. एखाद्या दिवशी रस्ताच बंद असेल, तेव्हा काय करशील?"

तो प्रश्न घेऊन मी परत आले आणि तो प्रश्न रोज माझ्याबरोबर उठू-बसू लागला.

नागेंद्र आता रोज दुपारी स्वतःहून फोन करायचा. आम्ही दोघं मिळून कोडं सोडवायला बसायचो. ते होतंही विचित्र. आमच्या मशीनवर एक बटण आहे, ते दाबलं की ते बेळगावच्या मशीनला विचारतं, 'आहेस का?' तिकडून लगेच उत्तर, 'आहे.' दर वेळी. लिहिलेला मजकूर जायचा. सेंटरमध्ये व्हिडिओ चालायचे, वेबसाइट उघडायच्या. पण चित्र पाठवलं की पट्टी जराशी हिरवी व्हायची... आणि तिथेच थांबायची. आम्ही बघत बसायचो. शेवटी लाल.

"बाकीच्या सेंटरची चित्रं धडाधड येतात," तो म्हणायचा. "चिकोडी, गोकाक, सगळी. निपाणीचीच न्हाय."

"आणि आमचं सगळं चालतं. बेळगावलाच जात न्हाय."

"म्हणजे आमच्याकडनं ओके, तुमच्याकडनंबी ओके."

"मग अडलंय कुठं?"

"ते कळलं असतं तर मी तुम्हाला रोज फोन कशाला केला असता?"

"व्हय, कशाला केला असता?"

तो खाकरला. "केला असता... बीपी तपासायला."

मी फोन ठेवल्यावर हसत बसले, आणि मग समोरची लाल पट्टी दिसली. हसू विरून गेलं. आमचे मालक मारुतीराव त्याच दिवशी सकाळी दारात उभं राहून सांगून गेले होते, "हॉस्पिटलवाले म्हणालेत, महिनाअखेरपतोर जमलं तर बरं, न्हायतर करार बंद. चित्रं वाचणारंच कोण नसलं तर मशीन चालवून काय करायचं? पोरी, तू दुसरीकडंबी बघून ठेव."

दुसरीकडे म्हणजे कुठे? घरी पप्पांनी पुण्याचं एक स्थळ थांबवून धरलं होतं. माझे पप्पा, यल्लाप्पा, शाळेत शिक्षक. त्यांनी कधी माझ्यावर आवाज चढवला नाही. फक्त एवढंच म्हणाले, "नोकरी हाय तोवर तुझ्या मनानं घे. सेंटर बंद पडलं तर मात्र पुण्याला कळवू." तरुणपणी तंबाखूच्या वखारीत काम केलेली माझी मम्मी न बोलताच खूप काही सांगते. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

एका रविवारी नागेंद्र स्वतः निपाणीला आला. सगळ्या वायरी बदलून बघितल्या. टेबलाखाली शिरला, मी वाकून टॉर्च धरला. त्याच्या केसांत कोळ्याचं जाळं अडकलेलं. काढू की नको... हात पुढे झाला, मागे आला.

"टॉर्च हलतोय," तो टेबलाखालून म्हणाला.

"हात दुखतोय."

"का घाबरलाय?"

"मी कशाला घाबरू? पाल हाय तिथं, तुमच्या डाव्या बाजूला."

तो इतक्या घाईनं बाहेर आला की टेबलाला डोकं आपटलं. पाल नव्हतीच. मग मात्र ते जाळं मी काढलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते, लागलं म्हणून की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही.

संध्याकाळ झाली. वायरी ठीक, मशीन ठीक, कॉम्प्युटर ठीक. पट्टी लाल.

स्टँडपर्यंत मी त्याला सोडायला गेले. एका छत्रीत, पण मधे हातभर अंतर ठेवून, त्यामुळे दोघेही अर्धे भिजलो. बस लागलेली होती. कंडक्टर कानडीत "मुंद होग्री, मुंद होग्री" ओरडत लोकांना पुढे सरकवत होता.

"आज गावाकडं जाणार हाय," नागेंद्र म्हणाला. "घरी सांगणार हाय."

"काय?"

"की निपाणीत एक जण लई भांडते म्हणून."

"मग?"

"मग... बघूया काय म्हणतात." तो चढला, पायरीवरून मागे वळला. "उद्या फोन करतो."

*

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही.

'पोचलात का?' मी लिहिलं. त्यानं वाचलं, तसं दिसलं. उत्तर नाही.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या नंबरवर दुसऱ्याच कुणीतरी फोन उचलला. "नागेंद्र रजेवर हाय. आमच्याकडनं सगळं ओके हाय मॅडम." ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकवेना, मी फोन ठेवला.

किती मेसेज लिहिले आणि पुसले! 'बरं आहे ना?' पुसला. 'रागावलात का?' पुसला. 'नको असेल तर नको म्हणा' हा तर शब्द-शब्द करून लिहिला आणि शब्द-शब्द करून पुसला. घरी सांगितलं असणार. माझं आडनाव विचारलं असणार. पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. मैत्रिणीच्या लग्नात, भाड्याची खोली बघताना, कॉलेजात डबा उघडताना, ते मी बघितलेलं होतं. तरी ताटातली भाकरी तशीच राहायची. मम्मी म्हणाली, "सेंटरचा घोर लावून घेऊ नको गं." मी मान हलवली. सेंटरचा घोर होताच. पण तो एकटा नव्हता.

आणि त्याच आठवड्यात तो दिवस आला.

सकाळपासून पाऊस कोसळत होता. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलेलं, कोल्हापूरची बाजू बंद. दुपारी बातमी आली, तवंदी घाटात टँकर आडवा झालाय, बेळगावची बाजूही बंद. माझ्या मनात डॉक्टर माधवींचा प्रश्न वाजला, आणि जणू उत्तर मागायलाच बाहेर रिक्षा थांबली.

बोरगावच्या यशोदाबाई. पन्नाशीच्या आतल्या. भाकरी थापता थापता उजवा हात गळून पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद. नवरा बरोबर होता. त्यानं तिच्या चपला हातात धरल्या होत्या, दोन्ही हातांनी, छातीशी. खाली ठेवा म्हटलं तरी ठेवत नव्हता.

शेजारच्या दवाखान्याचे डॉक्टर धावत आले. "मेंदूत गुठळी असेल तर इंजेक्शन इथंच देता येतं. पण वेळेत द्यायला हवं. आणि आत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. बेळगावच्या मॅडमना चित्रं बघू देत, त्या म्हणाल्या की मी लगेच देतो."

चित्रं काढली. पाठवली. पट्टी जराशी हिरवी झाली आणि थांबली.

मी फोननं स्क्रीनचे फोटो काढून डॉक्टर माधवींना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. "एका जागी पांढुरकं काहीतरी दिसतंय. ते रक्त आहे की फोटोतली चमक, मी सांगू शकत नाही. असल्या फोटोवर इंजेक्शन द्या म्हणणार नाही मी. मला मूळ चित्रं हवीत, सोनम." त्यांच्या मशीनवर मूळ चित्रं जायला सेंटरची लाइन आणि पेन ड्राइव्ह हीच दोन दारं होती, ईमेल तिथे चालत नव्हता.

बाहेर तो माणूस चपला धरून उभा होता. मी नागेंद्रला फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"सोनम? मी तुला फोन करणारच होतो, मी—"

"ते राहू दे! तू आधी ऐक." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला 'तू' म्हटलं आणि ते मलाही नंतर कळलं. सगळं एका दमात सांगितलं. शेवटी आवाज फुटलाच. "बाई टेबलावर हाय रे. रस्ता बंद हाय. काय करू मी?"

"घाबरू नको. मी ऑफिसातच हाय, आजच आलोय. आता नीट ऐक. चित्रं बंद पडली त्या आठवड्यात तुमच्याकडं काय बदललं?"

"काय न्हाय."

"सोनम, आठव. काहीही."

"हायवेचं काम चालू होतं, जेसीबीनं आपली वायर तोडली. मालकांनी दुसरी लाइन घेतली. पण ती चांगली हाय. आधीपेक्षा जोरात चालतीय!"

पलीकडून कीबोर्डची खडखड सुरू झाली. मग तीही थांबली.

"हॅलो?"

"हाय, हाय मी. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघड, कमांड टाइप करायची ती. मी सांगतो तसं टाइप कर."

मी टाइप केलं. त्याच्या सांगण्यावरून मी बेळगावला एक कोरं पाकीट पाठवत होते, पूर्ण मापाचं. उत्तर नाही.

"मापाचा आकडा थोडा कमी कर."

उत्तर नाही.

"आणखी."

नाही. माझी बोटं घामानं घसरत होती. एकदा चुकीचा आकडा पडला, पुसला, पुन्हा टाइप केला. बाहेर डॉक्टर घड्याळ बघत फेऱ्या मारत होते.

"आणखी कमी कर, सोनम."

आणि एकदम ओळी उमटल्या. उत्तर, उत्तर, उत्तर.

"आलं!" मी ओरडले. "नागेंद्र, आलं! हे काय हाय?"

"तेच हाय," तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "चित्र एकदम जात न्हाय. त्याची बारकी पाकिटं होऊन जातात. तुमच्या नव्या लाइनीत पूर्ण मापाचं पाकीट मावत न्हाय. मग ती लाइन निरोप देते, 'मोठं होतंय, लहान करून पाठव.' तो निरोप तुझ्या मशीनपतोर पोचतच न्हाय. म्हणून ते बिचारं तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवतंय आणि वाट बघत बसतंय. 'आहेस का' एवढं विचारायला पाकीट लहानच लागतं, म्हणून ते जात होतं."

"निरोप अडवतंय कोण?"

"आमच्या हॉस्पिटलची पांढरी पेटी हाय न्हवं तुमच्याकडं, लाइन जिच्यातनं जाते ती... त्याच आठवड्यात सगळ्या पेट्यांत एक नियम घातला. बाहेरनं येणारे असले निरोप बंद करायचा. बाकी सेंटरच्या लाइनी जुन्या, त्यांना त्या निरोपाची गरजच पडली न्हाय." तो थांबला. "तो नियम मी घातलाय, सोनम. मीच."

भांडायला वेळ नव्हता. त्यानं सांगितलं तशी मी मशीनच्या पाकिटाचं माप कमी केलं. सेव्ह. पुन्हा सगळी चित्रं निवडली. पाठव.

पट्टी जराशी हिरवी झाली.

रोज थांबायची त्या जागेपाशी आली... आणि पुढे गेली.

मी खुर्चीचा हात धरला. पट्टी पुढे पुढे सरकत राहिली, निम्म्यावर, निम्म्याच्या पुढे, आणि शेवटाला टेकली. कानाशी फोन होता, पलीकडे तोही श्वास रोखून होता. मी रोज लोकांना श्वास रोखायला सांगते, सोडायला सांगायचं त्या दिवशी विसरले.

थोड्याच वेळात टेबलावरचा दुसरा फोन वाजला. डॉक्टर माधवी. "रक्तस्राव नाही. गुठळी आहे. डॉक्टरांना सांग, द्या इंजेक्शन."

*

संध्याकाळी मी शेजारच्या दवाखान्यात डोकावले. यशोदाबाईंची उजवी बोटं चादरीवर हलत होती. शब्द जड येत होते, पण येत होते. नवऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "चपला... खाली ठेवा की. किती वेळ धरताय?"

त्या माणसानं चपला खाली ठेवल्या आणि तोंडाला टॉवेल लावून तो भिंतीकडे वळला.

मी बाहेर पायरीवर येऊन बसले आणि नागेंद्रला फोन केला. "बोलली," एवढंच म्हटलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आता तुझं सांग," मी म्हटलं. "निरोप अडवायचा नाद तुला आधीपासूनचाच काय?"

"सोनम..."

"मेसेज वाचलास. उत्तर दिलं न्हाईस."

"घरी सांगितलं," तो म्हणाला. "आईनं बोलणंच टाकलं. भांडली असती तर मी भांडलो असतो. ती नुसती गप्प. तुला काय सांगू ते ठरंना. चांगलं कायतरी झालं की सांगू म्हणून थांबलो."

"मग तेवढंच सांगायचंस. 'आई बोलत न्हाय' एवढंच. मी काय काचेची हाय? मी इथं रोज एकेक वाईट गोष्ट मनानंच रचत बसले. तू आडनाव ऐकून पळालास इथंपतोर रचलं."

"पळालो न्हाय गं. अडकलो."

पाऊस थांबला होता. दवाखान्याच्या पन्हाळीतून अजून पाणी पडत होतं. मला त्याचा राग यायला हवा होता. आलाही होता. पण त्या रागाच्या शेजारीच काहीतरी इतकं मोकळं झालं होतं की मला दोन्ही एकदम सांभाळता येईनात. मी फोन ठेवून दिला. मग पुन्हा लावला. "उद्या फोन कर. काय सांगायचं नसलं तरी."

"करतो," तो म्हणाला. त्यानं केला.

हॉस्पिटलात त्यानं आपल्या साहेबांना सरळ जाऊन सांगितलं, नियम माझा, चूक माझी. बोलणी खाल्ली. नोकरी राहिली. नियम सगळ्या पेट्यांतून निघाला आणि आमचा करारही टिकला. मारुतीरावांनी सेंटरमध्ये पेढे वाटले.

पुढच्या रविवारी ते दारातच उभे होते. नागेंद्रला येताना बघून त्यांचा चेहराच पडला. "आता काय बंद पडलं?"

"काय न्हाय पडलं हो," तो म्हणाला. "म्हणूनच आलोय."

मारुतीरावांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांना अचानक बाजारात काहीतरी काम आठवलं.

"बोल," मी म्हटलं. हात मात्र मी मशीनच्या टेबलाखाली लपवले.

"मला भाषण येत न्हाय," तो म्हणाला. "मला दुपार झाली की तुझा आवाज लागतो. भांडणाचा असला तरी. त्या रजेत आमच्या गावात रेंज नव्हती, तर मी टेकडावर चढून तुझा तो 'पोचलात का' वाचत बसायचो. एवढंच हाय. तू न्हाय म्हणालीस तर मी—"

"मी न्हाय म्हटलेलं न्हाय."

"मग व्हय?"

"मला लपूनछपून काय नको, नागेंद्र. स्टँडवर भेटायचं, कुणी बघितलं की हात सोडायचा, ते जमणार न्हाय मला. माझ्या घरी ये. तुझ्या आईला घेऊन ये."

"ती येईल का, ठाव न्हाय."

"मलाबी ठाव न्हाय," मी म्हटलं आणि टेबलाखालचा हात वर काढून त्याच्या हातावर ठेवला. गार होता त्याचा हात. माझाही.

*

नागेंद्रच्या आई, अंबुबाई, आमच्या घरी आल्या त्या दिवशी मम्मीनं कप तीनदा बदलले. आधी रोजचे, मग पाहुण्यांचे, मग पुन्हा रोजचे. शेवटी पप्पा म्हणाले, "गंगव्वा, कपानं काय हुतंय?" तेव्हा ती थांबली.

अंबुबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. इरकली लुगडं, भातशेतीत उन्हापावसात रापलेला चेहरा, हात मांडीवर एकात एक. भिंतीवरचा बुद्ध आणि बाबासाहेब त्यांनी बघितले, मग जमिनीकडे बघत राहिल्या. नागेंद्र त्यांच्या शेजारी, माझ्याकडे न बघता.

मी चहा आणून ठेवला. त्यांनी कपाकडे बघितलं. उचलला नाही.

"औंदा पाऊस लई झाला," पप्पा म्हणाले. "भात कसं हाय तुमच्याकडं?"

"खालच्या शेतातलं झोपलं. वरचं बरं हाय."

"तुमच्याकडं पाणी थांबतं. माझे वडील यायचे तिकडं रोप लावायला, मजुरीनं. मीबी बारका असताना आलतो."

अंबुबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. चहावर साय धरायला लागली होती. मी दाराशी उभी राहून त्या सायीकडेच बघत होते.

"मी खोटं बोलणार न्हाय," अंबुबाई म्हणाल्या. "पोरानं सांगितलं तवा मी त्याच्याशी बोलायचं टाकलं. गाव काय म्हणंल, भावकी काय म्हणंल... अजून भ्या वाटतंय मला. मग ह्यो त्या बोरगावच्या बाईचं सांगत बसला. त्या पोरीनं घाबरत घाबरत कसं केलं ते. रोज तेच सांगायचा. म्हटलं, एकदा बघून तरी यावं."

"भ्या आमालाबी वाटतंय, अंबुबाई," मम्मी म्हणाली. "पोरगी आमचीबी एकच हाय. तुमच्या घरात तिला कोण काय बोललं तर आमी इथं बसून काय करणार?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पप्पांनी चष्मा काढून पुसला. बाहेरून एक टेम्पो कर्णा वाजवत गेला.

"चहा गार झाला असंल," मी म्हटलं. "दुसरा आणते." मी कप उचलायला वाकले.

अंबुबाईंनी कपावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे."

त्यांनी कप उचलला. साय बोटानं बाजूला केली, आणि प्यायल्या. सावकाश, मधे न थांबता, तळापर्यंत. पदरानं ओठ पुसला. रिकामा कप माझ्या हातात दिला तेव्हा त्यांची खरखरीत बोटं माझ्या बोटांवर क्षणभर राहिली.

"लई ग्वाड करतीस गं," त्या म्हणाल्या. "मला साखर कमी घालत जा."

आत निघालेली मम्मी उंबऱ्यातच थांबली. नागेंद्रनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"व्हय," मी म्हटलं.